सातबाऱ्यावरचं नाव आणि न्यू जर्सीतली दिवाळखोरी

हॉस्पिटलची बिलं आणि क्रेडिट कार्डं मिळून कर्ज पार आवाक्याबाहेर गेलं, तेव्हा २०२५ च्या उन्हाळ्यात मी चॅप्टर ७ खाली, म्हणजे सूट नसलेली मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या अमेरिकन कायद्याखाली, दिवाळखोरीचा अर्ज केला. भीती एकच होती, आईच्या पाटल्या जातील.

आमच्या वकीलबाईंनी आधी हिशेब मांडायला लावला. न्यू जर्सीत राज्याची किंवा केंद्राची, यांपैकी एकच सवलतींची यादी घेता येते; कुठली मालमत्ता किती किमतीपर्यंत आपल्याकडे राहते, ते तिच्यात असतं. राज्याची तुटपुंजी, म्हणून केंद्राची घेतली. तिच्यात दागिन्यांना सूट २,१२५ डॉलर. माझं सोनं आठ तोळे, मोडीत ७,८०० डॉलरचं! गाडी ६,००० ची, सूट ५,०२५. फोर-ओ-वन-केला, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचतीला, मात्र हात लागत नाही.

पण मी भाड्याने राहते. घरावरची सूट वापरली नाही, तर तिच्यातले १५,८०० पर्यंत आणि मूळचे १,६७५, असे १७,४७५ डॉलर हव्या त्या मालमत्तेवर लावता येतात. याला वाइल्डकार्ड म्हणतात. सोन्याचे उरलेले ५,६७५ आणि गाडीचे ९७५ त्यात बसले. मी ढसाढसा रडले.

मग त्यांनी विचारलं, "भारतात काही?" मी नाही म्हणणार होते. कोरेगावची जिरायत दादा कसतो, ती माझी कधी वाटलीच नव्हती. पण बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून माझंही नाव लागलंय. दादा फोनवर म्हणाला, "अगं, तिथल्या कोर्टाला काय कळतंय? नाहीतर हक्कसोडपत्र करून टाक." वकीलबाईंनी निक्षून नाही म्हटलं. जगात कुठेही असलेली मालमत्ता लिहायचीच, खोटं शपथेवर जातं. आणि अर्जाच्या आदल्या दोन वर्षांत कुणाच्या नावे केलेलं तर ट्रस्टी, म्हणजे मालमत्ता तपासायला नेमलेला माणूस, उकरून काढू शकतो. दादाने बाजारभाव काढून दिला, रेडी रेकनरचा चालत नाही. माझा हिस्सा ९,००० डॉलरचा निघाला. वाइल्डकार्डमध्ये तोही बसला. आपल्या लोकांना कळकळीने सांगते, सूट आपोआप मिळत नाही; अर्जातल्या शेड्यूल सी या फॉर्मवर वस्तूगणिक मागावी लागते.

झूमवरच्या बैठकीत ट्रस्टीने जमिनीबद्दल दोन प्रश्न विचारले, बास. त्यानंतर मागितलेल्या सुटीवर हरकत घ्यायला तीस दिवस असतात. एकतिसाव्या दिवशी दादाला फोन केला, "नाव राहू दे तसंच."