मेढ, मेंढी आणि स्टॅन्शन

पैठणला नाथसागराच्या काठी दुपारी चहा पीत बसलो होतो. शेजारी दोन नाववाले हुज्जत घालत होते. त्यातल्या धाकट्यानं कोकणातून जुनी फायबरची बोट आणलेली. तिच्या कठड्याचा एक खांब बुडापासून हलायला लागला होता. मोबाइलवर नवा मागवायचा तर नाव इंग्रजीत टाकणं आलं.

"स्टॅन्शन. पण मामा, मधी टी नाही, सी-एच आहे."

"मंग स्टँचन म्हण की!"

मामांचा मुद्दा बिनतोड होता. दर्यावर्दी इंग्रजी असंच. खलाशांचा मुकादम लिहायचा बोटस्वेन, म्हणायचा बोसन. बोटीची वरची कड लिहायची गनवेल, म्हणायची गनल. निम्मी अक्षरं वाऱ्यानं उडून गेलेली. अर्थात आपण हसू नये; आपलंही शीड दीर्घ, आणि शिडात वारा भरला की ऱ्हस्व. शिवाय आम्हा मराठवाड्यातल्यांना नांगर म्हटलं की ढेकळं आठवतात, बोट नाही.

मला शुद्धलेखनाची खोड आहे. लग्नपत्रिका आली की नवरा-नवरीच्या आधी वेलांट्या बघतो. मूळ चौथीतलं. आत्याच्या लग्नाचा मांडव आजोबांनी अंगणात स्वतः घातला होता. पहारेनं खड्डे, दुबेळक्याच्या मेढी म्हणजे खांब, वर आंब्याचे डहाळे. पहिल्या मेढीच्या खड्ड्यात हळदकुंकू, सुपारी आणि सव्वा रुपया. तो रुपया रात्री उकरायचा माझा बेत होता. आजोबांनी तो ओळखला असावा, कारण त्यांनी बाज नेमकी तिथंच टाकली.

पुढं शाळेत निबंधात मी लिहिलं, 'आजोबांनी चार मेंढी पुरल्या.' गुरुजींनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "जित्या का मेलेल्या रे?"

एका टिंबापायी! समोरच्या या जायकवाडी धरणाचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला. पेपरवाले अशा ठिकाणी हटकून 'मुहूर्तमेढ रोवली' लिहितात, आणि मला दर वेळी ती बिचारी मेंढी दिसते.

तोवर मामांनी वेल्डरला फोन लावला होता. "पाइपाचे दोन डांब कर. तार ओवायला भोकं पाड." पलीकडून उंची विचारली असावी. मामांनी कमरेला हात लावला आणि फोनवरच सांगितलं, "हे बघ, इथपर्यंत."

मी घरी येऊन शब्दकोश उघडला. सी-एचच आहे.