टी-नव्वदने खाल्लेले माझे अठरा दिवस

जोडताऱ्यातल्या पल्सारवर (फिरताना ठरावीक वेळाने ठोके देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यावर) काम करणार असाल तर एक सांगते: ऑर्बिटचे, म्हणजे कक्षेचे आकडे ज्या पेपरमधून उचलाल, त्यातल्या तक्त्याखालची बारीक टीपही वाचा. मी वाचली नाही.

ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या लॅक्सपीसी या एक्स-रे उपकरणाचा डेटा उतरवणं, इव्हेंट फाइल (एक्स-रेच्या एकेक नोंदी) बनवणं, बॅकग्राउंड वजा करणं हे चार दिवसांत उरकलं. स्रोत वेला एक्स-१. २८३ सेकंदांत एक गिरकी घेणारा न्यूट्रॉन तारा, ८.९६ दिवसांत एका निळ्या महाताऱ्याभोवती फेरी मारतो. महातारा स्वतःचं वस्तुमान अक्षरशः वाऱ्यावर उधळतो, हा त्यातलं थोडं गिळतो आणि एक्स-रे फेकतो. वारा गुठळ्यागुठळ्यांचा, त्यामुळे तेजाचा काही भरवसा नाही. लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, बघून मी हरखले होते.

मग दिवसभराच्या निरीक्षणाचे आठ तुकडे केले आणि प्रत्येकाचा पिरिअड, म्हणजे दोन पल्समधला वेळ, काढला. तो वाढतच गेला, दिवसात जवळजवळ ०.१८ सेकंद. हे मला माहीत होतं: न्यूट्रॉन तारा आपल्यासमोरून जाताना आधी जवळ येतो, मग लांब जातो, म्हणून पल्स ताणल्यासारखे दिसतात. ऑर्बिटची दुरुस्ती केली, म्हणजे कक्षेतल्या या हालचालीचा परिणाम वजा केला. वाढ निम्म्यावर आली, गेली मात्र नाही. उरलेला ०.१ सेकंद?

वारा! वाऱ्याच्या टॉर्कने, म्हणजे त्याने दिलेल्या पिळाने, तारा मंदावतोय! या कल्पनेवर मी अठरा दिवस काढले. गुठळ्यांचं गणित, टॉर्कचं गणित, दोन आलेख, एक अर्धवट गोषवारा. (पल्स प्रोफाइल फोल्ड करून, म्हणजे बरेच पल्स एकावर एक रचून त्यांचा सरासरी आकार काढून, सुरुवातीचा आणि शेवटचा एकावर एक ठेवून बघा. माझे जुळत नव्हते, आणि ती पहिली खूण मी सोडली.)

सरांनी आलेख पाहिला. "अगं, दशकानुदशकं हा २८३च्या आसपास घुटमळतोय. तुझ्या एका दिवसात एवढा ब्रेक लागला?" मग स्क्रिप्टवर बोट ठेवून म्हणाले, "इथे काय मागितलंय? आणि तू काय भरलंयस?"

स्क्रिप्टला हवी होती पेरिॲस्ट्रॉनची, म्हणजे दोन तारे सर्वांत जवळ येण्याची वेळ. मी भरला होता पेपरमधला टी-नव्वद, म्हणजे सरासरी रेखांश (कक्षेतली जागा सांगणारा कोन) ९० अंश असतानाची वेळ. पेरिॲस्ट्रॉन १५२ अंशांच्या आसपास. फरक दीड दिवसाचा! स्क्रिप्टमधल्या त्या रकान्याचं नाव नुसतं 'टी-शून्य' ठेवणाऱ्या सीनियरला मी अजून मनातल्या मनात शिव्या देते.

आकडा बदलला, पिरिअड सपाट झाला. रडू आलं, थोडं हसूही. आणि ज्या डेटात टॉर्क शोधत होते, तिथेच तेज खाली आलेलं दिसलं: मऊ (कमी ऊर्जेच्या) एक्स-रेचं जास्त घटलेलं, कठीण (जास्त ऊर्जेच्या) एक्स-रेचं कमी. म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याच्या मागे ओढली जाणारी दाट वाऱ्याची शेपटी आड आली होती. ते अठरा दिवस डोळ्यांसमोर होतं. आता त्याच्यावर लिहितेय.