आधी एकाचा भाव

आमच्या गणिताच्या सरांपुढे कोणतंही उदाहरण ठेवा, पहिला प्रश्न ठरलेला: "एकाचा भाव किती?" पाचवी-सहावीत ही एकमान पद्धत, म्हणजे आधी एकाचं काढून मग हव्या तितक्यांचं काढायचं, सगळ्याच शाळांत शिकवतात. पण पुस्तकातल्या वह्या-पेन्सिली सरांना मिळमिळीत वाटायच्या. त्यांच्या फळ्यावर लासलगावचा कांदा आणि पिंपळगावचा टोमॅटो असायचा. निफाडकडून एसटीनं येणाऱ्या आम्हा पोरांना ती घरचीच गणितं.

कांद्याचा भाव निघतो क्विंटलवर, टोमॅटोचा कॅरेटवर, आणि नाशिकच्या भद्रकालीच्या बाजारात आई विचारणार किलोनं. क्विंटलला 1,600 म्हणजे दोन शून्यं उडवून किलोला 16. वीस किलोच्या कॅरेटला 300 म्हणजे किलोला 15. सगळं एका मापात आणल्याशिवाय स्वस्त-महाग बोलायचं नाही, हा सरांचा दंडक होता. आता पाकिटांवर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो, पण मोठं पाकीट म्हणजे स्वस्तच असं धरून चालणारी माणसं मला रोज भेटतात.

वर्गाची खरी दांडी उडायची ती मजुरांच्या गणितात. सहा मजूर द्राक्षबागेची छाटणी 10 दिवसांत करतात, तर बारा मजुरांना किती दिवस? मागच्या बाकावरून हमखास उत्तर यायचं, वीस! सर शांतपणे विचारायचे, "दुप्पट माणसं लावून दुप्पट दिवस? मग बागवाला मजूर लावेल कशाला?" एकट्या मजुराला 60 दिवस, म्हणून बारा जणांना 5. इथंही आधी एकाचंच काढायचं, फक्त ते भागून नाही, गुणून. सम (एक वाढलं की दुसरंही वाढतं) की व्यस्त (एक वाढलं की दुसरं घटतं) हे अंदाजानं नाही, डोकं लावून ओळखायचं.

शेतीत पडल्यावर मात्र पुस्तकात न आलेलं एक गणित सामोरं आलं. गावातल्या खळ्यावर कांदा 1,500 नं मागतात, बाजार समितीत 1,600 मिळतो. क्विंटलमागे 100 रुपये जास्त, कोणीही म्हणेल समितीत न्या. पण ट्रॉलीचं भाडं 2,400, ट्रॉली भरलेली असो की अर्धी. माल 30 क्विंटल असेल तर भाडं क्विंटलला 80 पडतं, 20 रुपये सुटतात. माल 20 क्विंटल असेल तर तेच भाडं 120 पडतं, म्हणजे पदरचे 20 गेले. 24 क्विंटलला दोन्हीकडे सारखंच. कांद्याचे एकूण पैसे मालाबरोबर वाढतात, भाडं तसं वाढत नाही. म्हणून "एकाचं भाडं" दर खेपेला नव्यानं काढावं लागतं. आमच्या गावात अजूनही पुष्कळजण फक्त पुकारलेला भाव ऐकून ट्रॅक्टर जोडतात.

सर असते तर या ट्रॉलीवर त्यांनी चाचणीत पाच गुणांचा प्रश्न नक्की टाकला असता. आणि हमाली-तोलाई, म्हणजे माल उतरवायचे आणि तोलायचे पैसे, मुद्दाम उदाहरणात लपवली असती.