डावा खांदा कुणाचा?

सहापैकी चार फिती झाल्या, त्यातली एक उसवली. म्हणजे खरं तर तीनच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: एका सागवानी फळीवर सहा शौर्यपदकांच्या फिती लावायच्या. परमवीर, महावीर, वीर ही रणांगणावरची तीन चक्रं. अशोक, कीर्ती, शौर्य ही इतर प्रसंगांतल्या शौर्याची. प्रत्येकीखाली सातारा-सांगलीकडचं एक नाव. परमवीरच्या 21 मानकऱ्यांत आपल्या दोन्ही जिल्ह्यांतलं कुणी नाही, म्हणून तिथे सावित्री खानोलकरांचं नाव येणार. पदकाचं रेखाटन त्यांचं. इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती, मध्ये भारताची राजमुद्रा. त्यात भवानी तलवारही आहे असं बरेच जण छातीठोक सांगतात. मी फोटोवर भिंग फिरवून दमलो, मला चार वज्रंच दिसली.

परमवीरची फीत साधी जांभळी, रुंदी 32 मिमी. साताऱ्याच्या खण आळीत मिलिमीटरमध्ये मागू नका, दुकानदार तोंडाकडे बघत बसतो. 'सव्वा इंची' म्हणायचं, 31.75 मिमी झाली. सॅटिन फार चकाकतं, बांगड्यांच्या डब्यावरच्या रिबिनीसारखं. उलटी बाजू वर घेतली आणि ते भागलं.

हिरव्या फितींनी मात्र घाम काढला. ही तीन चक्रं 1967 पर्यंत अशोक चक्र वर्ग 1, 2, 3 होती, म्हणून तिघांचा रंग एकच, गडद हिरवा; फरक फक्त केशरी रेघांचा. अशोकला एक, कीर्तीला दोन, शौर्यला तीन. आधी फॅब्रिक कलर लावून बघितला. हिरव्यावर केशरी बसतच नाही, शेवाळल्यासारखा तपकिरी दिसतो, वर कडेने फुटतो तो वेगळाच. शेवटी भरतकामाचा दोरा घेतला, पदर शेजारी शेजारी घालून 2 मिमीची रेघ भरली. शौर्यचं गणित: तीन रेघांचे 6 मिमी वजा, उरले 26, चार सारखे भाग केले की साडेसहा-साडेसहा. अर्धा मिमी जरी सरकला तरी लांबून कळतो.

अशोक चक्राखाली तुकाराम ओंबळे, जावळीतलं केडंबे. 2008 साली गिरगाव चौपाटीवर कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवणारे. ओंबळे पोलीस होते, त्यांना सैन्याचं पदक कसं, असं फळी बघणारा दर दुसरा माणूस विचारतो. अशोक चक्र पोलिसांना आणि नागरिकांनाही मिळतं. शौर्य चक्राखाली पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, कुपवाडा, 2015. दोन्ही मरणोत्तर.

आता उसवलेली. महावीर चक्र, अर्धी पांढरी, अर्धी केशरी. खाली शिपाई पांडुरंग साळुंखे, 15 मराठा लाइट इन्फन्ट्री, गाव मणेराजुरी. डिसेंबर 1971 मध्ये पंजाबात बुर्जच्या लढाईत शत्रूच्या हातचा रॉकेट लाँचर हिसकावताना पडले. या फितीवर दोन रविवार गेले. दोन तुकडे जोडले की मध्ये शिवण फुगते, म्हणून पांढऱ्या फितीवर केशरी पट्टी दुमडून बारीक टाक्याने टाचली. झकास बसली. शेजारच्या नानांना हौसेने दाखवली. मराठातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,

"उलटी लावलीस की रं."

"नाना, केशरी डाव्या खांद्याकडं, असंच लिहिलंय."

"डावा खांदा कुणाचा? घालणाऱ्याचा का बघणाऱ्याचा?"

झालं. बघणाऱ्याला केशरी उजवीकडे दिसायला हवी. फळीवर फीत डोक्यावर फिरवून भागलं असतं, पण वरचं टोक मी आधीच पिनेच्या मापाने दुमडून शिवलेलं. सगळं उसवलं.

पुढची वीर चक्राची, अर्धी गडद निळी, अर्धी केशरी, आणि केशरी तिथेही डाव्या खांद्याकडेच. कापण्याआधी शर्टाला टाचून बघणार आहे. आरशात नाही, तिथे पुन्हा घोळ. नानांनाच समोर बसवणार.