आमच्या घरातील अपघातविरहित दिवस

माझे मामा एका रासायनिक कारखान्यात अनेक वर्षे सुरक्षा अधिकारी होते आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दिवाळीला ते महिनाभरासाठी आमच्याकडे राहायला आले. येताना त्यांनी मिठाई आणली नाही. दोन जाड नोंदवह्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची चिकटपट्टी आणि एक छोटा पांढरा फळा आणला. फळा फ्रिजच्या दारावर लागला. त्यावर वर ‘अपघातविरहित दिवस’ असे लिहिलेले होते आणि खाली शून्य. असा फळा कारखान्याच्या फाटकाशी असतो आणि त्यावरचा आकडा रोज सकाळी एकाने वाढतो, हे मला ठाऊक होते. तो आपल्याच स्वयंपाकघरात वाढताना पाहावा लागेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

पहिली नोंदवही ‘थोडक्यात टळलेल्या अपघातां’ची होती. पहिल्याच दिवशी तिच्यात सात नोंदी झाल्या आणि त्यांपैकी पाच आईच्या नावावर होत्या. एक नोंद मी पुढे बरेचदा वाचली : ‘सकाळी ११.१०. ताईने फुलका चिमट्याविना, उघड्या बोटांनी उलटला. इजा नाही. पुनरावृत्तीची शक्यता : प्रत्येक फुलक्याला.’ दुसऱ्या दिवशी मिक्सरची पाळी आली. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात चालत्या यंत्राचे तेलपाणी करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत अशी तरतूद कलम २२ मध्ये आहे, आणि त्यामागचा हेतू लक्षात घेता मिक्सरजवळ लोंबणारा पदर मुळीच चालणार नाही, असे मामांनी आईला समजावून सांगितले. आईने पदर खोचला नाही, ती सरळ बाजूला झाली आणि म्हणाली, “मग चटणी तूच वाट.” मामांनी अंगठी काढून, डोळ्यांवर कारखान्यातला चष्मा चढवून ती वाटली. तिच्यात मीठ नव्हते, पण त्यासाठी नोंदवहीत रकाना नव्हता.

खरी लढाई विळीवरून झाली. जोखीम मोजण्याची मामांची रीत अशी, की अपघाताच्या शक्यतेला पाचांपैकी गुण द्यायचे, इजेच्या तीव्रतेला पाचांपैकी द्यायचे आणि दोहोंचा गुणाकार करायचा. विळीचा गुणाकार सोळा आला, म्हणजे तांबडा रंग. तांबड्या रंगावरचा पहिला उपाय म्हणजे ती वस्तूच काढून टाकणे. आईने दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. “सासूबाईंची विळी आहे ही. पन्नास वर्षं हिच्यावर चिरतेय. मोज बोटं.” मामांनी खरोखरच मोजली. दहा भरली. चिरून झाले की पाते मिटून विळी आडवी ठेवायची, एवढा एकच नियम त्या विळीबरोबर आमच्या घरी आला होता आणि तो पाळण्यासाठी कोणाला कधी सही करावी लागली नव्हती. मामांनी तरीही प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा उभा चिरून पात्यावर बसवला. तो पाइप काढता-घालताना बोट धारेच्या जितके जवळ जाते तितके भाजी चिरताना जात नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले, तेव्हा माझे निरीक्षण तारखेसह नोंदवहीत गेले आणि पाइप तसाच राहिला.

मामांची अशी थट्टा करताना थोडे अपराधीही वाटते. टाकी साफ करायला माणूस आत उतरलेला असताना बाहेरून कोणी झडप उघडू नये म्हणून त्या झडपेला कुलूप घालायचे आणि किल्ली त्या माणसाच्याच खिशात द्यायची, ही शिस्त त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली होती आणि तिच्यात हसण्यासारखे काहीच नाही. पण तेच कुलूप घेऊन ते आमच्या दिवाणखान्यातल्या पंख्याकडे वळले, तेव्हा मला हसू आवरेना.

पंखा दिवाळीपूर्वी पुसायचा, हा आमचा परिपाठ. पलंगावर स्टूल, स्टुलावर मी आणि हातात जुना अभ्रा. तो पात्यावर चढवून ओढला की धूळ आतल्या आत राहते. मामांनी सोसायटीतून रंगाऱ्यांचा घोडा मागवला आणि दुसरी नोंदवही उघडली. ती कामाच्या परवान्यांची होती. पडू नये म्हणून अंगाला पट्टा बांधण्याचा नियम दोन मीटरच्या वरच्या कामाला असतो आणि माझे पाय तर तीन फुटांवरच असणार होते, असे मी सुचवून पाहिले. शिस्त जमिनीपासूनच सुरू होते, असे उत्तर मिळाले. पट्टा डोक्यावरच्या भक्कम आधाराला अडकवावा लागतो. आमच्या दिवाणखान्यात डोक्यावरचा भक्कम आधार एकच, छताचा हूक, आणि त्याला पंखा लटकलेला होता. यावर तासभर विचार झाला आणि पट्ट्याऐवजी माझे पाय धरायला माझी पत्नी नेमली गेली. परवान्यावर सहीच्या जागा चार होत्या, आईने सही करायला साफ नकार दिला, म्हणून मी काम करणारा आणि कामाची पाहणी करणारा अशा दोन्ही जागी सह्या केल्या. मग मामांनी मुख्य पेटीतला त्या खोलीचा स्विच बंद केला, त्याला कुलूप घातले, किल्ली माझ्या खिशात टाकली आणि ‘माणूस काम करीत आहे’ अशी पाटी लावली. तोवर संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. खोलीतला दिवा त्याच स्विचवर होता. घोड्यावर चढून मी अभ्रा हातात घेतला तेव्हा मला पंख्याचे पातेच काय, पत्नीही दिसत नव्हती. परवान्याची मुदत सहाला संपली. मामांनी त्यावर तिरकी रेघ मारली आणि पंख्याची धूळ त्या दिवाळीत पाहुण्यांच्या डोक्यावर तशीच राहिली.

करंज्यांच्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा आई ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि हळदीच्या डब्यात बोटे घालत होती. अर्धा खोवलेला नारळ खाली विळीशी पडला होता. पाइप पात्याला होता. टोकाच्या खोवणीला काहीच नव्हते.

“लागलं का गं?”

“हळू बोल. तो झोपलाय.”

“अगं, पण मामांना सांगायला—”

“सतरा झालेत,” आईने फ्रिजकडे मान वळवली. “पुसून टाकील तो. सणासुदीला शून्य कशाला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यंगस्नान आटोपून मामांनी फळ्यावर अठरा लिहिले आणि आम्हां सर्वांना बोलावून दाखवले. आई तिथेच होती. उजवा हात पदराखाली घेऊन ती डाव्या हाताने करंज्या मोजत होती.