गुंतवळ

आमचं मेडिकल वडगावात आहे, बेळगावच्या विणकरांच्या वस्तीत. गौरी-गणपती आठवड्यावर आले होते. भर दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून मावशी आत आल्या. डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोवलेला. त्यांनी काउंटरवर प्लास्टिकची एक पिशवी ठेवली. मला वाटलं, उरलेली औषधं परत करायची असतील. उघडून बघते तर आत गुंतवळ. फणीत अडकलेले केस बोटाला गुंडाळून केलेल्या सुपारीएवढ्या कितीतरी गुंडाळ्या.

"दोन महिन्यांतलं हाय गे हे," त्या म्हणाल्या. "टाकवंना. केसांवर भांडी देणारी दारात आली हुती, तिलाबी द्यायला मन झालं नाही. कुठलं तेल लावू सांग."

मावशी साठीच्या. घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरतात. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं दोन वर्षांपूर्वी पार पडलं. तेव्हापासून रोज लेट्रोझोलची अडीच मिलिग्रॅमची एक गोळी, पाच वर्षं घ्यायची. महिन्याला तीन पाकिटं माझ्याकडूनच जातात. तेलाची बाटली काढायला वळले आणि मनात काहीतरी खटकलं. बिलं काढून बघितली. शेवटचं बिल जूनच्या पहिल्या आठवड्यातलं.

"मावशी, गोळ्या दुसरीकडनं घेताय काय?"

त्या बोलल्या नाहीत. पदर मागे सारला. भांग दोन बोटं रुंद झाला होता. टाळूवर केस इतके विरळ की खालची कातडी दिसत होती. मागचे केस मात्र बऱ्यापैकी दाट.

"सोडली गोळी. केमोत केस गेले तवा सगळ्यांनी आधी सांगितलं हुतं, जातील आणि येतील. आले बी. मग आता हे काय? आता तर मी बरी हाय न्हवं? हळदीकुंकवाला बायका तोंडाकडं बघत न्हाईत, भांगाकडं बघत्यात."

जवळजवळ सात आठवडे गोळी बंद होती. माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे बसची पाटी कन्नडमध्ये, घरात मराठी, आणि औषधाच्या खोक्यातला कागद इंग्रजीत. केस विरळ होऊ शकतात, हे त्या कागदावर छापलेलं असतं. मावशींना ते कोण वाचून दाखवणार?

मी त्यांना आत स्टुलावर बसवलं. त्यांचा कॅन्सर इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर पोसला जाणारा होता. पाळी गेल्यावरही अंगातल्या चरबीत वगैरे ते थोडं तयार होत राहतं, आणि लेट्रोझोल ते तयार होऊ देत नाही. पण डोक्यावरच्या केसालाही त्याच इस्ट्रोजेनचा आधार असतो. केस एरवी काही वर्षं वाढत राहतो आणि मग गळतो. आधार गेला की वाढीचा हा काळ आखूड होतो, केस बारीक येतो. "कापड पुरतं विणून व्हायच्या आत मागावरनं उतरवल्यासारखं," मी म्हटलं. ते त्यांना लगेच कळलं. केमोत केस एकदम जातात, म्हणून ते जगाला दिसतं. हे हळूहळू होतं, म्हणून बाई एकटीच मोजत बसते.

मग त्यांनी पिशवीच्या तळातून बायोटिनची, म्हणजे केसांसाठी घेतात त्या जीवनसत्त्वाची डबी काढली. दहा मिलिग्रॅमची. माझ्याच दुकानातली. त्यांच्या मुलाने मागितली आणि मी दिली होती, कुणासाठी हे विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तेव्हाच सगळं कळलं असतं. ही चूक मला अजून टोचते.

फाइलवरच्या नंबरवर तिथूनच फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी आजच सुरू करा, बुडालेल्या दिवसांच्या म्हणून जास्त घेऊ नका, आणि लगेच तपासणीला या. थायरॉइड आणि शरीरातलं लोह बघायचं ठरलं. रक्त देण्याआधी काही दिवस बायोटिन बंद ठेवायचं, नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. मावशींनी माझ्यासमोर पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतली.

तेल मी दिलं, पण साधं खोबरेल, आणि तेही न्हाण्याआधी हलक्या हाताने लावायला. रगडून मालिश नको, कांद्याचा रस तर अजिबात नको, टाळूची आग होते. सौम्य शाम्पू, कोमट पाणी, रुंद दातांची फणी. अंबाडा सैल, गजरा जड नको. सणासाठी त्यांना केस काळे करायचे होते. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यात बऱ्याचदा पीपीडी हे रसायन असतं, ते नाजूक टाळूला सोसत नाही. शेजारणीने दिलेल्या 'केस वाढवायच्या' कॅप्सूलवर सोयाचा अर्क लिहिलेला होता. सोयात इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात. त्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, असं म्हणून मी त्या बाजूला काढल्या.

लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी टाळूवर लावायला मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध दिलं. सुरुवातीला काही आठवडे गळती उलट वाढू शकते आणि फरक दिसायला चार महिने तरी लागतात, हे मी दर महिन्याला त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मधे एकदा टाळू खाजते म्हणून रागावून आल्या होत्या. तेव्हाही गोळी सोडली नव्हती.

आता लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल, टॅमॉक्सिफेन अशी स्तनाच्या कॅन्सरची गोळी घेणारी कुणीही बाई आली की मी आधी केसांचं विचारते. बऱ्याच जणी पहिल्यांदा नाही म्हणतात, मग थांबतात.

संक्रांतीला मावशी तिळगूळ घेऊन आल्या. भांग अजून रुंदच आहे. पण कपाळाच्या कडेला बारीक, मऊ केस उभे राहिले होते, ते त्यांनी माझं बोट धरून मला चाचपायला लावले. मग तीन पाकिटं मागितली. आधीच्या पाकिटात दोन दिवसांच्या गोळ्या अजून शिल्लक होत्या.