पडद्याबाहेरचा अल्टिमीटर

फ्लाइट सिम्युलेटरच्या, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा अनुभव देणाऱ्या प्रोग्रामच्या, पडद्यावर सगळे मीटर दिसत असताना ते वेगळे बनवण्याचा खटाटोप कशासाठी, असे जळगावात मला अनेकांनी विचारले आहे. पडद्यावरच्या खिडकीतून बाहेरची धावपट्टी पाहायची आणि उंची मात्र हाताशी असलेल्या खऱ्या काट्यावर वाचायची, यात नजरेला जी सवय लागते ती एकाच पडद्यावर लागत नाही, एवढेच माझे उत्तर आहे.

वेगमापकाचा काटा पूर्ण फेरी मारत नसल्यामुळे त्याला मोटारगाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये असते तशी, ३१५ अंशांपर्यंतच फिरणारी छोटी स्टेपर मोटार (ठरावीक बारीक पावलांनी फिरणारी मोटार) पुरते. अल्टिमीटरचे, म्हणजे उंचीमापकाचे, तसे नाही. त्याचा लांब काटा दर १,००० फुटांना एक फेरी घेतो, म्हणून तिथे मी २८बीवायजे-४८ ही स्वस्त मोटार वापरली. अर्ध्या पावलांत चालवल्यास तिची एक फेरी ४,०९६ पावलांची, असे सर्रास सांगितले जाते. पण अनेक मोटारींतील गिअरचे गुणोत्तर नेमके ६४ नसून सुमारे ६३.६८ असते, त्यामुळे खरी फेरी साधारण ४,०७६ पावलांतच पुरी होते. हा फरक दर हजार फुटांमागे पाच फुटांचा, म्हणजे ८,००० फुटांवर चाळीस फुटांचा होतो. म्हणून प्रोग्राममध्ये खरा आकडा घालावा आणि शून्याच्या खुणेवर ऑप्टिकल सेन्सर बसवून प्रत्येक फेरीला काटा तपासून घ्यावा.

मीटरचे अंग ९० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचे आहे. पाइपांच्या या गावात तो मिळवायला काहीच सायास पडत नाहीत. थ्रीडी प्रिंटरवरचे पीएलए हे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पत्र्याच्या खोलीत, शिवाय गरम होणाऱ्या मोटारीला खेटून, त्याचा भरवसा धरवत नाही. काटा स्थिर असताना मोटारीचा प्रवाह बंद करावा. हलका काटा गिअरच्या घर्षणावर जागीच राहतो.

एक्स-प्लेन हे सिम्युलेटर मागितलेली माहिती यूडीपीने, म्हणजे पोच न मागता सुट्या पॅकेटांत, थेट नेटवर्कवर पाठवते, त्यामुळे संगणकावर मधला प्रोग्राम न ठेवता मीटरमधील ईएसपी३२ हा वायफाय असलेला छोटा नियंत्रक बोर्ड ४९००० या पोर्टवर मागणी नोंदवून सेकंदाला वीस वेळा उंची घेतो. एखादे पॅकेट गहाळ झाले तरी पुढचे लगेच येते, आणि दोन पॅकेटांमधली वाटचाल बोर्डानेच हळुवार आखल्यास काटा उड्या मारत नाही.

खरी अडचण पॅकेटे थांबल्यावर येते. भारनियमनात राउटर बंद पडला आणि मीटर पॉवर बँकेवर चालू राहिला, तर काटा शेवटच्या उंचीवर ऐटीत उभा राहतो आणि पाहणाऱ्याला ती खरीच वाटते. काट्यांऐवजी पडदे असलेल्या ‘ग्लास कॉकपिट’मध्ये माहिती तुटली की त्या जागी लाल फुली येते. त्याच धर्तीवर सेकंदभर काही न आल्यास छोट्या सर्व्होने (ठरवलेल्या कोनात वळणाऱ्या मोटारीने) लाल पट्टी डायलवर खाली पाडण्याची सोय मी केली आहे. सेसना १७२ या छोट्या विमानाच्या साध्या अल्टिमीटरवर अशी पट्टी नसते, हा जाणकारांचा आक्षेप मला मान्य आहे. पण तो मीटर हवेच्या दाबावर चालतो आणि माझा वायफायवर.

दाब जुळवण्याच्या खिडकीतही मी मूळ रूप बदलले. आपल्याकडे नियंत्रण कक्ष दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतो, म्हणून पाऱ्याच्या २९.९२ इंचांऐवजी १०१३ हा आकडा दिसतो आणि खालचे बटण एका अंकाने फिरवले की काटा सुमारे २८ फूट सरकतो. विमानाचा कल दाखवणाऱ्या कृत्रिम क्षितिजासाठी मात्र काट्यांचा हट्ट सोडून गोल एलसीडीच लावणार आहे.